हंबल रेझिग्नेशन

चिखली,
२९ जानेवारी १९६३

तीर्थस्वरूप मामांस कोकिळेचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

चि. गजाननच्या शेगावच्या लग्नाची पत्रिका पोचली. 'आगमन', 'उपस्थिती', 'पदार्पण' आणि 'शोभा वाढवणे' अशी एकाच माणसाला चार निमंत्रणं पाहून मजकूर कोणाचा, हे खालचं नाव वाचण्याआधीच कळलं. एका मजकुरात एक शब्द दोनदा आला की तुम्हाला घासात खडा लागल्यासारखं होतं. मेहकरच्या हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवून तुम्ही हा खडा निम्म्या जिल्ह्याच्या घासात टाकला आहे. आमच्या शाळेच्या संस्थेचे चिटणीस जानराव हेही तुमचेच विद्यार्थी. हे मी आठवण म्हणून सांगते, तक्रार म्हणून नव्हे. तक्रार पुढे आहे.

मामींचा निरोप मिळाला की करवली म्हणून कोकिळाच हवी, दुसरी कोणी नको. मी ज्यांच्या घरात भाड्यानं राहते त्या वच्छलाबाईंना हे सांगितलं, तर त्यांनी हनुवटीला हात लावला आणि टाकलेली बाई करवली म्हणून चालते का वं, असं विचारलं. मी म्हटलं, चालते, पण शेगावपर्यंत मोटारीनं जाईल.

मामा, सहा वर्षं झाली, हा 'टाकलेली' शब्द काही माझी पाठ सोडत नाही. नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा मला कोणी टाकलं नव्हतं. गोठ्याशेजारची खोली दाखवून तिथे राहा म्हणाले होते. ट्रंक मी उचलली, नांदुऱ्याच्या स्टेशनावर मी चालत गेले, तिकीट मी काढलं. इतकी सगळी मेहनत मी केल्यावर टाकण्याचं श्रेय मात्र त्यांना! जानरावांनी तर शाळेच्या रजिस्टरात माझ्या नावापुढे इंग्रजीत 'डिझर्टेड' लिहून ठेवलंय. विचारलं, तर म्हणाले, भगवानराव सरांनीच शिकवलेला शब्द आहे, टाकलेली ह्या अर्थी. स्वतः सोडून आलेल्या बाईसाठी तुमच्या त्या जाड पुस्तकात काही शब्द असला तर कळवा. तसंच पाकिटावर माझ्या नावाआधी 'चि.' लिहून तुमची लेखणी थबकते आणि 'सौ.' लिहावं की नाही ह्या विचारात शाईचा एक ठिपका पडतो. त्या ठिपक्यालाही एखादा चांगला पर्याय पाहा.

आता कामाचं. लग्नासाठी पाच दिवसांची रजा हवी आणि जानरावांना अर्ज इंग्रजीतच लागतो. राज्य मराठीचं झालं, पण त्यांच्या टेबलाला अजून कोणी कळवलेलं नाही. मी मराठी आणि गणित शिकवणारी बाई. जमेल तसा कच्चा अर्ज लिहून सोबत पाठवला आहे. त्यात 'लीव्ह' हा शब्द तीनदा आणि 'सबमिट' दोनदा आला आहे, तेव्हा आधी थोडं पाणी प्या आणि मग वाचा.

मामींना नमस्कार. माझ्यावर लोभ आहे तोच राहू द्यावा, त्याला दुसरा शब्द शोधू नये.

आपली भाची,
कोकिळा


मेहकर,
१ फेब्रुवारी १९६३

चि. कोकिळा हिस अनेक आशीर्वाद, शुभचिंतन व मंगलकामना (तिन्हींत फरक आहे, भेटीत सांगेन).

तुझा अर्ज वाचला. पाणी दोनदा प्यालो. बाई, अर्ज म्हणजे काही बाजाराची यादी नव्हे, की मीठ लागले म्हणून मीठ लिहिले आणि पुन्हा लागले म्हणून पुन्हा मीठ लिहिले. इंग्रजी ही श्रीमंत भाषा आहे. श्रीमंताच्या घरी जाऊन एकाच वाटीत जेवू नये.

तू ज्याला जाड पुस्तक म्हणतेस तो पर्यायी शब्दांचा कोश आहे. बुलढाण्याचा गोरा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला होता. लोकांनी खुर्च्या घेतल्या, कंदील घेतले, एकाने तर साहेबाची टोपी घेतली. मी हे पुस्तक घेतले. खुर्च्या मोडल्या, टोपीत त्या गृहस्थाकडे आता कांदे असतात, आणि पुस्तक मात्र अजून माझ्या उशाशी आहे.

तर सुधारणा अशा. पहिल्या वाक्यात 'लीव्ह' ठेवला आहे : 'आय वाँट टू लीव्ह द स्कूल फ्रॉम मंडे.' दुसऱ्या ठिकाणी तो काढून 'आय शल क्विट माय क्लास विथ अ हेवी हार्ट' असे केले. जड अंतःकरण माझ्या पदरचे आहे, त्याने वजन येते. तिसऱ्या ठिकाणी तू सोमवारी परत हजर होईन असे लिहिले होतेस. ते वाक्यच काढले. कामावर हजर होणे हे कर्तव्य आहे आणि कर्तव्याची दवंडी पिटू नये.

उरला 'सबमिट'. आरंभी तू 'सबमिट' म्हणतेस आणि अखेरीस पुन्हा 'माय हंबल सबमिशन' ! एवढ्याशा कागदात दोनदा शरण जाणे बरे दिसत नाही. कोशात पाहिले. नम्रपणे शरण जाणे, ताठा सोडून स्वतःला हवाली करणे, ह्यासाठी एक फार सुंदर, गंभीर शब्द सापडला. संतवृत्तीच्या माणसालाच शोभेल असा. म्हणून शेवट असा केला आहे : 'काइंडली ॲक्सेप्ट माय हंबल रेझिग्नेशन.' ह्यातला भाव जानरावच्या लक्षात यावा. नववीत व्याकरणात बरा होता.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे स्वतः सोडून आलेल्या बाईच्या शब्दाबद्दल, सवडीने पाहतो. सध्या घरात लग्न आहे. तुझी मामी सोनाराशी भांडून आली. नव्या कायद्याने सोने चौदा कॅरेटचे झाले, पण तो घडणावळ अजून बावीसचीच मागतो, असे तिचे म्हणणे आहे.

अर्ज सुवाच्य अक्षरात उतरवून दे, काही बदलू नकोस. लोभ, स्नेह, ममता आणि जिव्हाळा असावा (पुनरुक्ती टाळली आहे).

तुझा मामा,
भगवानराव


चिखली,
१८ फेब्रुवारी १९६३

ती. स्व. मामांस कोकिळेचा नमस्कार. वि. वि.

लग्न छान झालं. सून गुणाची आहे. मामींनी सगळ्या शेगावासमोर माझ्या हातात करवलीचा कलश दिला आणि कुजबुजणाऱ्या बायांकडे असं पाहिलं की त्या पुढचे दोन दिवस जिलबीबद्दलच बोलत होत्या. तो कलश धरून उभी असताना मला किती बरं वाटलं ते मी तिथे बोलले नाही. आता लिहिते, कारण ह्यापुढचं पत्र गोड नाही.

आज सकाळी शाळेत गेले. माझ्या वर्गात एक नवीन बाई माझ्याच खडूनं फळ्यावर तीनचा पाढा लिहीत होत्या. मुली माझ्याकडे पाहायच्या, तिच्याकडे पाहायच्या आणि तीन सात बावीस म्हणायच्या. चौकशी केली तेव्हा कळलं, की ही जानरावांच्या मेहुणीची मुलगी आणि ती माझ्या जागेवर आहे. जानरावांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि एक कागद दिला. त्यांनी मला चहा पाजण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मामा, तुमचा तो संतवृत्तीचा शब्द त्यांनी मंजूर केला आहे. कागद असा आहे : 'युवर रेझिग्नेशन इज ॲक्सेप्टेड विथ प्लेझर. द सोसायटी ग्रँट्स द सेड लीव्ह अँड विशेस यू अ हॅपी डिपार्चर.' वाचून आधी वाटलं मी वारलेच. मग जानरावांनी मराठीत समजावून सांगितलं, की बाई, तुम्ही राजीनामा दिला, आम्ही घेतला. मी म्हटलं, मी रजा मागितली. ते म्हणाले, अर्ज पाहा : शाळा सोडायची आहे असं पहिल्या ओळीत, वर्ग सोडते असं दुसऱ्या, रेझिग्नेशन घ्या असं शेवटच्या, आणि परत येईन असं कुठेच नाही. वर जड अंतःकरण तर आहेच. इतका मुद्देसूद राजीनामा त्यांच्या कारकिर्दीत आला नव्हता म्हणे.

तुमच्या सुधारणांपैकी एकही वाया गेली नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून सविस्तर लिहिलं.

आता हसणं बाजूला ठेवते. माझी नोकरी गेली तर काय होईल ते तुम्हाला ठाऊक आहे. रामदादाचं पत्र गेल्याच महिन्यात आलं होतं. नांदुऱ्याच्या माणसांनी त्याच्याकडे निरोप पाठवलाय, की झालं गेलं विसरू, पोरीला नांदायला पाठवा. दुसरीला मूल झालंय, घरात कामाला माणूस हवंय. दादाचं म्हणणं, नोकरी आहे तोवर मी काही बोलत नाही. ते 'तोवर' आज संपलं. मला त्या घरी परत जायचं नाही, मामा. मेले तरी नाही.

काय करायचं ते लवकर कळवा. साध्या शब्दांत कळवा.

आपली,
कोकिळा


मेहकर,
२० फेब्रुवारी १९६३

चि. कोकिळा हिस आशीर्वाद.

तुझ्या पत्राने मनास क्लेश झाले. परंतु शब्दाला दोष देऊ नये. 'रेझिग्नेशन' ह्याचा मूळ अर्थ प्राप्त परिस्थितीस शांतचित्ताने सामोरे जाणे असाच आहे. मोठमोठ्या इंग्रज लेखकांनी तो त्याच अर्थाने वापरला आहे. नोकरी सोडणे हा अर्थ मागाहून कचेऱ्यांतल्या कारकुनांनी चिकटवला. जानरावने तेवढाच उचलावा, ह्यात माझा नव्हे, त्याच्या वाचनाचा दोष दिसतो. त्याला नववीत मी उगाच पास केला.

मी त्यास पत्र लिहून ह्या शब्दाच्या दोन्ही छटा विशद करतो. आठ पाने झाली आहेत. ग्रीक-लॅटिनपर्यंत गेलो आहे. ती वाचून कोणाही सुज्ञ माणसाचे मत बदलेल. तोवर तू धीर सोडू नकोस. खरे म्हणजे ह्या प्रसंगी तुला जी वृत्ती हवी तिलाच इंग्रजीत रेझिग्नेशन म्हणतात.

तुझा मामा,
भगवानराव


चिखली,
२२ फेब्रुवारी १९६३

ती. स्व. मामांस,

एकाच शब्दानं माझी नोकरी गेली आणि आता तोच शब्द सबुरी म्हणून चाटवताय. हे औषध फार गुणकारी दिसतं, रोगही त्याचाच.

आठ पानं जानरावांना पाठवू नका. तुमचे विद्यार्थी आहेत, त्यांना त्यांत आणखी दहा पर्याय सापडतील आणि ते सगळे मला लागू करतील.

कोकिळा


मेहकर,
२४ फेब्रुवारी १९६३

चि. कोकिळा, तुले मामीचा आशीर्वाद.

मले तुह्या मामासारखं शुद्ध लिहिता येत नाही, बोलते तसंच लिहून राह्यले. शब्द दोनदा आला तर पाटी घेऊन उभं राह्यची शिक्षा मले देऊ नको.

तुहं शेवटचं पत्र आलं त्या दिवसापासून मामा जेवून नाही राह्यले. पानावर बसतात, भाताचा डोंगर करतात, डोंगर मोडतात अन् उठतात. ते आठ पानाचं पत्र त्यायनं चुलीजवळ आणून ठेवलं अन् मले म्हणाले, पेटवायला कामी येईल. मी पेटवलं. चांगलं पेटलं, कागद जाड होता. काल ते जाड पुस्तक उशाखालून काढून फडताळावर, लोणच्याच्या बरणीमागे ठेवलं. मी विचारलं, काऊन बा, साहेब नाराज झाला का? तर काही बोलले नाही. तीस वर्षांत मी ह्या माणसाले गप्प बसलेलं पाह्यलं नव्हतं, आता मलेच करमून नाही राह्यलं.

त्यायले तुह्यासमोर तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून मी लिहिते. पोरी, ते तुह्यावर जीव टाकतात. तू नांदुऱ्याहून ट्रंक घेऊन आमच्या दारात आली होती तेव्हा त्यायनं तुले एकच विचारलं होतं, की पुढं शिकतं का. बाकी सारं गाव काऊन आली, काऊन आली म्हणून राह्यलं होतं. ते विसरू नको. चूक तं त्यायची हायेच, मी काही त्यायची बाजू घेऊन नाही राह्यले.

आता कामाचं. तुमच्या संस्थेचे अध्यक्ष किसनराव, ते माह्या माहेरच्या गावचे. मोठे शेतकरी हायेत, इंग्रजी त्यायले येत नाही अन् त्यायले त्याची लाजही नाही. त्यायले मी निरोप धाडला, की सभा बोलवा अन् पोरीचं ऐकून घ्या. तीन तारखेले रविवारी सभा हाये म्हणे. तुह्या रामदादालेही मी कळवलं, की सभा होईपर्यंत नांदुऱ्यावाल्यायले काही शब्द देऊ नको. अन् तुले नांदुऱ्याले जावं लागणार नाही. काहीच नाही झालं तं तुह्या मामीचं घर हाये, तुहा पाट हाये. पण मले माहीत हाये, तुले पाट नको, खुर्ची पाह्यजे.

जेवत जाय वेळेवर. माया हाये ती हायेच, लिहून काय वाढून नाही राह्यली.

तुही मामी,
रुखमाबाई


चिखली,
४ मार्च १९६३

ती. स्व. मामा आणि मामी, दोघांच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

कालची सभा झाली. मामींनी आधी शेवट वाचू नये.

सभा माझ्याच वर्गात भरली. मोठमोठी पागोटी आणि टोप्या मुलींच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. किसनराव बाकात मावेनात, म्हणून ते टेबलावरच बसले. जानरावांनी माझा अर्ज मोठ्यानं, पोवाडा म्हणावा तसा म्हणून दाखवला. 'हेवी हार्ट'ला त्यांनी छातीवर हातसुद्धा ठेवला.

मग मामा, तुमचं पत्र निघालं. मला माहीतच नव्हतं तुम्ही अध्यक्षांना लिहिलंय म्हणून. मराठीत, तीन ओळी. 'अर्जातले चुकलेले शब्द माझे आहेत, मुलीचे नाहीत. तिला रजाच हवी होती. मला इंग्रजी येते ह्या समजुतीची शिक्षा तिला देऊ नये.' किसनरावांनी ते स्वतः वाचलं. जानरावांनी मान हलवून सांगितलं, की सरांचं वय झालं, भाचीसाठी लिहिलं असेल. तुमच्याबद्दल असं बोललेलं मला सहन झालं नाही. तुमच्यावर टोमणे मारायचे ते मी मारीन, तो हक्क संस्थेला दिलेला नाही.

मी उठले. जानरावांचाच कागद वाचून दाखवला आणि विचारलं, की ह्यात 'द सेड लीव्ह', म्हणजे सदर रजा, मंजूर केली असं लिहिलंय, ती कोणती लीव्ह? मला रजा दिलीत की काढून टाकलंत? जानराव गडबडले. म्हणाले, ते तसं नव्हे, रेझिग्नेशन एकदा लिहून झालं होतं, एकच शब्द पुन्हा वापरू नये म्हणून तिथे लीव्ह टाकला, आमच्या सरांचा तसा नियम आहे. मी म्हटलं, माझ्याही सरांचा तोच नियम आहे. मागच्या बाकावरचे दोघे फिदीफिदी हसले. तेही तुमचेच विद्यार्थी असणार.

किसनराव वैतागले. म्हणाले, हे एकाच मास्तरचे दोन चेले भांडून राह्यले, मले यातलं काही समजून नाही राह्यलं, मराठीत सांगा.

मराठीतलं मला आधीच सापडलं होतं. आमच्याकडे शिवण शिकवणाऱ्या अजीजुन्निसाबाई आहेत, त्यांच्याकडे मी त्या आठवड्यात रोज जाऊन रडत होते. त्यांच्या घरी उर्दू बोलतात. त्या म्हणाल्या, की रजा काय आणि राजीनामा काय, दोन्ही एकाच घरातले, 'राजी'च्या घरातले. रजेत देणारा राजी लागतो आणि राजीनाम्यात सोडणारा. हे मी सभेत तसंच सांगितलं. म्हटलं, जानराव माझं पद घ्यायला राजी आहेत, ते दिसतंच आहे. पण राजी मी असायला हवी.

ह्यावर जानराव चिडले. म्हणाले, ह्या बाईंना सोडून जायची सवयच आहे, नवऱ्याचं घर सोडून आल्या, आता शाळा सोडली, नंतर नाही म्हणतात.

मामा, गंमत बघा. रजिस्टरात 'टाकलेली' लिहून ठेवणारा हा माणूस. सहा वर्षांत चारचौघांसमोर खरं कोणी बोललं असेल तर तोच, आणि तेही माझा अपमान करायला.

मी त्यांचे आभार मानले. खरंच मानले. म्हटलं, चिटणीससाहेब बरोबर बोलले. मला नवऱ्यानं टाकलेलं नाही. मी ते घर सोडलं. ट्रंक उचलताना मी राजी होते, रस्ताभर राजी होते, आजही आहे. आयुष्यात राजीनामा मी एकदाच दिला, तो नांदुऱ्याला. शाळा सोडायला मी त्या सोमवारी राजी नव्हते आणि आज नाही. त्या घराला आणि ह्या शाळेला एकच शब्द लावू नका.

बोलताना मी टेबलाची कड धरली होती आणि तिथे खडूची भुकटी होती, ती अजून माझ्या पातळाला आहे. किसनराव टेबलावरून उतरले. मग म्हणाले, बाई राजी नाही तं नामा कायचा, कागद वापस करा अन् उद्यापासून वर्ग घ्या. जानरावांनी नियमांचं काही काढलं, तर ते म्हणाले, तुमचे नियम तुमच्याजवळच राहू द्या, एक शब्द दोनदा वापरायला लागा म्हणजे भागते.

आज सकाळी वर्गावर गेले. मुलींनी तीन सात एकवीस म्हटलं. मग ऑफिसात गेले, रजिस्टर मागितलं आणि जानरावांच्या समोर 'डिझर्टेड' ह्या शब्दावर रेघ मारली. त्याखाली माझ्या अक्षरात मराठीत लिहिलं : 'स्वतः सोडून आले.' जानरावांनी चहा मागवला नाही, तेव्हा सगळं पूर्ववत झालं म्हणायचं.

रामदादाला पोस्टकार्ड टाकलंय, की नांदुऱ्याच्या माणसांना कळव, बाई येणार नाही. घरी आल्यावर मात्र खूप रडले, मामी. वच्छलाबाई घाबरल्या, काय झालं वं म्हणाल्या. मी म्हटलं, काही नाही, आज खरं बोलले.

मामा, तुमच्या त्या तीन ओळी मी किसनरावांकडून मागून आणल्या आहेत. तुम्ही लिहिलेलं सगळ्यात चांगलं तेच आहे, आणि त्यात एकही पर्यायी शब्द नाही. आता जेवा. पुस्तक लोणच्याच्या बरणीमागून काढा, तेल लागेल.

माझ्यावर रागावला असाल तर रागवा, पण लोभ कमी करू नये.

तुमची,
कोकिळा


मेहकर,
७ मार्च १९६३

चि. कोकिळाबाई, शिक्षिका, हिस आशीर्वाद.

पाकीट पाहिलेस का? ठिपका नाही.

तुझे पत्र तुझ्या मामीने आधी शेवटून वाचले, मग सुरुवातीपासून, मग मला वाचून दाखवायला लावले. त्या दिवशी दोघेही जेवलो. तिने माझ्या ताटात दोनदा भात वाढला आणि दोन्ही वेळा त्याला भातच म्हणाली.

पुस्तक काढले. तेल लागलेच होते. तू विचारलेला शब्द राहिला होता, म्हणून पुन्हा सगळे पाहिले. लीव्ह, क्विट, डिझर्ट, अबँडन, फोर्सेक. निघून जाण्याचे कितीतरी प्रकार त्या साहेबाने गोळा केले आहेत. कोण गेले, कसे गेले, कोणाला वाईट वाटले, सगळे आहे. जाणारी राजी होती की नाही, एवढे मात्र त्याने कुठे विचारलेले नाही. तेव्हा तुझ्यासाठी शब्द नाही. तू रजिस्टरात जे लिहिलेस तेच बरोबर आहे, त्यात मला काही सुधारायचे नाही.

तीस वर्षे मुलांना सांगत आलो की एक शब्द दोनदा लिहू नये. आज तुला लिहायला बसलो आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो आहे. दुसरा शोधायला मी उठलो नाही.

शाबास, पोरी. शाबास. शाबास.

तुझा मामा